भोपळा कोठे आहे, याचा खुलासा करावा

गेल्या गुरुवारी आमच्या शाळेच्या मोठ्या बाबूंनी माझे १,३५० रुपयांचे बिल परत केले. बिल खोटे नव्हते, पैसे मी स्वतःच्या खिशातून मोजले होते, काम झाले होते आणि दुरुस्त झालेली वस्तू त्यांच्याच टेबलाला टेकून उभी होती. परंतु बिलावर जी वस्तू लिहिली होती ती शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत नव्हती, आणि नोंदवहीत जी होती ती बिलावर नव्हती. या दोन कागदांच्या मध्ये मी अजून अडकलेलो आहे.

वस्तू म्हणजे एक गिटार. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती तीन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात शाळेला भेट दिली, आणि मला चार कॉर्ड येतात हे कोणीतरी फोडल्यामुळे विज्ञानाबरोबर तीही माझ्या गळ्यात पडली. गिटारीचा मुक्काम प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, कपाटावर टिनाचे छत, आणि छतावर विदर्भाचा मे महिना. तारा मी कधी सैल केल्या नाहीत, ही माझी चूक. स्टीलच्या सहा तारा सुरात असतात तेव्हा त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो, आणि तो सगळा ओढा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या एका फळीवर, सरसाने चिकटवलेल्या एका लाकडी पट्टीला सहन करावा लागतो. मेमध्ये उष्णतेने तो सरस मऊ पडला, पावसाळ्यात फळी ओल पिऊन फुगली, आणि ऑक्टोबरात कपाट उघडले तेव्हा गिटारीला सहा महिन्यांचे पोट आलेले होते. ज्या पट्टीत तारा अडकतात त्या ब्रिजची मागची कड इतकी उचलली गेली होती की तिच्याखाली हजेरीपटाचा कागद सहज आत जात होता. गिटारीच्या मानेवर तारांखाली ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे. त्यांतल्या बाराव्यापाशी तार आणि पडदा यांत अडीच मिलिमीटर अंतर असावे. तेथे मी पट्टीने साडेचार मोजले. एवढ्या उंचीवरची तार दाबली की ती दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो, त्यामुळे खुल्या तारा सुरात आणि दाबलेल्या बेसूर, असा चमत्कार रोज घडू लागला. नववीतल्या एका मुलीने एफ कॉर्ड धरण्याचा प्रयत्न केला आणि मला बोटावरची खूण दाखवून विचारले, "सर, कुंपनाची तार लावली का याले?"

नागपूरला न्यावी, तर दोन दिवसांची रजा. तालुक्याच्या गावी पेटी-तबल्याच्या दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे आणि त्याच्या पाटीवर सर्वांत खाली, रंग संपत आल्यावर लिहिल्यासारखे, 'गिटार' असे आहे. तेथे गेलो. मुहूर्त मात्र मी असा निवडला की त्याला तोड नाही. कोजागिरी तोंडावर आली होती, आणि कोजागिरी झाली की गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी गावोगावची भजनी मंडळे निघतात. म्हणजे अख्ख्या तालुक्यातल्या फाटक्या भात्यांच्या पेट्या, मुक्या झालेल्या सूरपट्ट्या आणि ढिल्या पडलेल्या खंजिऱ्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत रांगेला लागल्या होत्या. गिटारीसह मी अकरावा होतो. माझ्या आधीच्या दहाव्या क्रमांकावर, उलट्या ठेवलेल्या तबल्याच्या खोक्यावर, धोतर-बंडी आणि डोक्यावर भगवी टोपी घातलेले एक गृहस्थ मांडीवर खंजिरी घेऊन बसले होते. सगळे त्यांना बाबाजी म्हणत होते.

बाबाजींनी गिटारीची पिशवी उघडताना पाहिली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि विचारले, "गुर्जी, भोपळा कुठी गेला याचा?"

मी म्हणालो, "बाबाजी, ही गिटार आहे. हिला भोपळा नसतो."

"नसते कसा? पहिले असन. पडला असन." त्यांनी बोट लावून तारा मोजल्या. "सहा तारा. हे पडदे. हे खुट्या. सतारच होय ना बाप्पा. तुम्हाले कोनंतरी बिनभोपळ्याची देल्ली."

मी शिक्षक आहे, आणि चुकीचे विधान ऐकून गप्प बसण्याची शक्ती मी वीस वर्षांपूर्वीच गमावली आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते रागाप्रमाणे सरकवता येतात, हिचे पडदे लाकडात ठोकलेले आहेत आणि एका सप्तकात बरोबर बारा, हे मी समजावून सांगितले. मिरजेला सतार-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले, त्यांचा आवाज घुमवणारे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, आणि ही खोक्यासारखी पोकळ लाकडी आहे म्हणून हिला भोपळ्याची गरजच नाही, हेही सांगितले. बाबाजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पेटी घेऊन बसलेल्या शेजाऱ्याला सांगितले, "मंगळवेढ्यालेच राह्यला असन मंग."

यानंतर पोट तपासण्याचा कार्यक्रम झाला. कारागिराने स्टीलची पट्टी आडवी धरून फुगवटा दाखवला. मी ७० किलोंची गोष्ट सांगितली. बाबाजी एकदम गंभीर झाले. "सत्तर किलो? तुरीच्या पोत्याएवढं? अन् या पातळ फळीवर? मंग फुगन नाही तं काय करन जी! कुठी ठेवली होती?"

"शाळेत. टिनाखालच्या कपाटात."

"टिनाखाली?" त्यांनी खंजिरी बाजूला ठेवली. "उन्हाळ्यात टिनाखाली तं आमी गुरं नाही बांधत."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच टिनाखाली आम्ही आठवीचा वर्ग बसवतो. एप्रिलमध्ये दुपारी साडेबाराला त्या खोलीत मुलांच्या वहीवर घाम टपकून शाई पसरते, छतासाठीचा प्रस्ताव किती वर्षे कोठे पडून आहे हे मोठ्या बाबूंनाही आता आठवत नाही, आणि गिटारीचे पोट फुगले तेव्हा निदान ती दुकानात तरी नेता आली. हे मी तेथे बोललो नाही. इथे बोलून ठेवतो.

त्या दिवशी कारागिराने कपड्यांच्या इस्त्रीने ब्रिज गरम केला, पातळ पाते सरकवत तो अलगद सोडवला, जुना सरस खरवडला, नवा लावला आणि शिकंजे आवळून गिटार रात्रभर ठेवून घेतली. हे काम त्याने अशा शांतपणाने केले की त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पोहोचलो तेव्हा बाबाजी त्याच खोक्यावर होते. त्यांची खंजिरी आदल्या दिवशीच झाली होती. "तुमच्या सतारीचं काय होते ते पाह्याले थांबलो," असे त्यांनी सांगितले. इतकी आस्था मला नातेवाइकांकडूनही क्वचित मिळाली आहे.

नव्या तारा चढल्या. मान सरळ ठेवायला तिच्या आत एक लोखंडी गज असतो, ट्रस रॉड म्हणतात त्याला. ॲलन पान्याने तो पाव फेरा फिरवायचा, थांबायचे, पाहायचे आणि मग पुन्हा पाव फेरा. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबली की मधल्या सातव्या पडद्यापाशी जाड कागदाएवढीच फट उरली पाहिजे. बाबाजींनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, जशी गाडीच्या धुरीवरून टाकतात, आणि "अजून बाक आहे" असा निर्णय दिला. कारागिराने तपासले. खरोखरच बाक होता. येथून पुढे त्या दुकानात माझी किंमत जी खाली गेली ती वर आली नाही.

मग ब्रिजवर ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात ती घासण्याचे काम निघाले. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तेथे एक मिलिमीटर उतरवायचे तर टोकाच्या हाडावरून दोन घासावे लागतात. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कारागीर घासत राहिला, आणि शेवटच्या पाच-सात फेऱ्या त्याने बहुधा जास्त मारल्या, कारण तारा परत लावल्यावर चौथी तार छेडली तशी ती झणझणली. तार पडद्याला चाटत होती. गिटारीत हा दोष समजतात. मी तोंड उघडण्यापूर्वी बाबाजी खोक्यावरून उठून उभे राहिले.

"जवारी लागली! राहू द्या! हात नका लावू!"

येथे बाबाजी चुकले होते, पण अगदी चुकले नव्हते, आणि हीच माझी अडचण झाली. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे त्याचा ब्रिज, रुंद असते, तिला हलकासा उतार असतो, तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि त्यातून जी झणकार उठते तीच जवारी. ती साधावी म्हणून तारेखाली सुताचा धागा सरकवत लोक अर्धा तास बसतात. गिटारीचे हाड मुद्दाम अरुंद ठेवतात, तार धारेवरून सुटते, आणि स्वर स्वच्छ निघावा अशी अपेक्षा असते. हा फरक मी फळा नसताना जेवढा समजावता येईल तेवढा समजावला. बाबाजी म्हणाले, "गुर्जी, देवानं फुकट देल्लं. लोकं याच्यासाठी पैसे मोजते. अन् तुमी पैसे देऊन काढून राह्यले?"

प्रश्न दुकानासमोर मांडला गेला. पेटीवाल्या दोन मंडळांचे एकूण सात जण होते. सातही जण जवारीच्या बाजूने निघाले. कोपऱ्यात भाता शिवणारा मुलगा तटस्थ राहिला. खुद्द कारागीर, ज्याने हाड जास्त घासले होते, तो अचानक विचारमग्न झाला आणि म्हणाला, "आवाज तं बरा येऊन राह्यला, सर." माझ्याच वाद्याविषयी, माझ्याच पैशांनी चाललेल्या कामात, मी सात विरुद्ध एक अशा फरकाने हरलो. शेवटी मला आवाज चढवावा लागला, आणि आवाज चढवला की आमच्या भागात लोक ताबडतोब ऐकतात व कायमचे मनावर घेतात. कारागिराने नवे हाड कापले, पुन्हा घासले, या वेळी जपून. पुन्हा मोजले, बाराव्याशी जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर भरले. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागी नुसते बोट टेकवून काढलेला स्वर एक निघाले. मी एफ कॉर्ड धरला. तो इतक्या सहज लागला की क्षणभर मी सगळ्यांना माफ केले.

"मुकी केली बिचारीले," बाबाजी म्हणाले.

आता बिल. कारागिराचे हात पुढच्या पेटीच्या सरसाने भरलेले होते, भाता शिवणाऱ्या मुलाचे अक्षर वाचता येत नाही असे कळले, आणि बाबाजींनी कोणी न सांगताच पावतीपुस्तक ओढले. ते उमेदीच्या काळात सहकारी सोसायटीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे. मी घाईत होतो, शेवटची बस साडेपाचची होती, त्यामुळे पावती न वाचता घडी घालून खिशात टाकली. ती मी बसमध्ये उघडली. तिच्यावर असे लिहिले होते: 'सतार, बिनभोपळ्याची, नग १. पोट बसविणे, मान सरळ करणे, जवारी मोडणे (गिऱ्हाइकाच्या हट्टावरून). एकूण रु. १,३५०.'

मोठ्या बाबूंनी हे बिल प्रथम मनात वाचले, नंतर मोठ्याने, नंतर शेजारच्या खोलीतून छोट्या बाबूंना बोलावून. सादिल, म्हणजे किरकोळ, खर्चातून हे देता येणार नाही, असे त्यांनी सांगितले, कारण नोंदवहीत गिटार आहे, सतार नाही. मी टेबलाला टेकलेल्या गिटारीकडे बोट दाखवले. ते म्हणाले की वस्तूकडे पाहून बिल पास होत नाही, प्रमाणक, म्हणजे खर्चाची पावती, पाहून होते. शिवाय प्रमाणकानुसार शाळेकडे एक सतार असल्याचे दिसते, ती नोंदवहीत घेतली गेलेली नाही ही एक त्रुटी, आणि तिचा भोपळा जागेवर नाही ही दुसरी. भोपळा हरवला असल्यास निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून कमी करण्याचा, स्वतंत्र प्रस्ताव लागेल. मला वाटले ते थट्टा करत आहेत. दुसऱ्या दिवशी लेखी पत्र मिळाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर दुरुस्त पावती आणण्यासाठी मी तालुक्याला गेलो. दुकानाला कुलूप होते. कारागीर मंडळाबरोबर मोझरीला गेला आहे आणि पेटी तोच वाजवतो, त्यामुळे आठवडाभर येणार नाही, असे शेजारच्या पानठेल्यावाल्याने सांगितले. बाबाजींची चौकशी केली नाही.

गिटार आता वादग्रस्त वस्तू आहे. निर्णय होईपर्यंत ती पूर्ववत जागी ठेवावी असा आदेश निघाल्यामुळे ती टिनाखालच्या त्याच कपाटात आहे, नव्या तारांवर तुरीच्या पोत्याएवढा ताण घेऊन. निदान खुंट्या तरी सैल करू द्या अशी विनंती मी केली, पण कपाटाची चावी मोठ्या बाबूंकडे आहे आणि ते दोन दिवसांच्या रजेवर होते. खुलाशाची मुदत सोमवारी संपत होती. मी एका ओळीत लिहून दिले की सदर वाद्यास मुळातच भोपळा नसतो. आज दुपारी तो कागद मुख्याध्यापकांकडून परत आला. समासात लाल पेनाने शेरा आहे: 'पुरावा जोडावा.'