येवल्याच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जुना पिकर, कणसं आणि आमची डुकरं

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि नुसतं धन्यवाद म्हणून सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुम्ही स्वतः येवल्याकडे पाच एकर मका करता, त्यामुळे तुमचं बोलणं मनावर घेतलंच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं की इथे अमेरिकेत आयोवात राहून १९४७ च्या ट्रॅक्टरने आणि एका ओळीच्या जुन्या पिकरने (ताटावरून कणसं मोडून घेणारं यंत्र) मका काढणं ही हौस आहे, शेती नाही. कंबाईन (कापणी-मळणी एकदम करणारं मोठं यंत्र) जे काम अर्ध्या तासात करतो त्याला दोन दिवस लावायचे, पेट्रोल जाळायचं, कणसं खाली पाडायची, उरलेली फळ्यांच्या खोपटात भरून बुरशी आणायची, आणि वर म्हणायचं की डुकरं फक्त घरच्या मक्यावर वाढवली. शिवाय पिकरचे ते फिरते रोलर माणसाचा हात ओढून घेतात.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या बरोबर आहेत, म्हणून तिथूनच सुरू करते.

"फक्त घरच्या मक्यावर" हे मी मागच्या लेखात लिहिलं ते चुकलंच, आज दुरुस्त करतेय. मक्यात प्रोटीन जेमतेम आठ टक्के आणि त्यातही लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी, डुकराला नेमकं तेच लागतं. नुसत्या मक्यावर ते जाड होईल पण वाढणार नाही. आमचं खाद्य असं असतं: १०० किलोत साधारण ७८ किलो मक्याचा भरडा, १९ किलो सोयाबीन पेंड, बाकी खनिजं आणि मीठ. पेंड विकतच आणतो. म्हणजे घरचं आहे ते तीन चतुर्थांशापेक्षा जास्त, पण सगळं नाही.

आणि रोलरचं म्हणाल तर त्यावर मला वादच घालायचा नाही. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, त्यांच्या पिढीत या भागात बोटं किंवा अख्खा हात पिकरमध्ये गेलेली माणसं अजून गावोगाव भेटतात. होतं काय, मक्याचं ताट अडकतं, माणूस उतरतो, आणि पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद पिकरला देणारा फिरता दांडा) चालूच ठेवून ते ताट हाताने ओढायला जातो. रोलर ताट ज्या वेगाने आत खेचतो त्याच्यापुढे हात सोडायला वेळच मिळत नाही. आमच्याकडे नियम एकच आहे, सीटवरून उठायच्या आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. मागच्या लेखातल्या ज्या फोटोत सासरे रोलरशी वाकलेले दिसतात त्यात मशीन बंद आहे, पण ते मी लिहायला हवं होतं, कारण फोटो बघून कोणी तसंच करायला गेलं तर? आता फोटोखाली टाकलंय.

आता जिथे मला तुमचं पटत नाही ते. तुम्ही पिकर आणि कंबाईन यांची तुलना वेगावर केलीत. पण दादा, ही दोन मशीनं एकच काम करतच नाहीत. कंबाईन दाणे काढतो, पिकर कणीस काढतो. सगळा फरक तिथे आहे, आणि माझ्या मते आमच्या चार एकरांचं गणित त्याच्यावरच उभं आहे.

पिकर ताटावरून कणीस मोडून घेतो, पाला सोलतो आणि मागच्या ट्रॉलीत टाकतो, मळणी करत नाही. आता ऑक्टोबरच्या शेवटी इथे मक्यात २० टक्के ओलावा असतो. त्या ओलाव्याचे दाणे काढून कोठीत भरले तर आठवड्यात गरम होतात, कुबट वास सुटतो, म्हणून कंबाईनवाल्याला ड्रायर लावावाच लागतो. इथला ढोबळ हिशोब असा की एक बुशेल मका एक टक्का वाळवायला ०.०२ गॅलन प्रोपेन गॅस लागतो. आमचा मका ४६० बुशेल (बुशेल म्हणजे दाण्याचे २५.४ किलो), २० वरून १५ टक्क्यांवर आणायचा तर ४६ गॅलन, म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास. आणि आमचा तो जुना ट्रॅक्टर, फार्मॉल एच, हे चार एकर काढताना पेट्रोल पितो सगळं मिळून ४५ लिटर. कणसं फळ्यांच्या क्रिबमध्ये (कणसं साठवायच्या हवेशीर कोठारात) पडतात आणि पुढचं वाळवायचं काम वारा फुकट करतो. भरडायला दर आठवड्याला ट्रॅक्टर चालू करावा लागतो हे खरं, पण भरडा तर कंबाईनच्या मक्याचाही करावाच लागतो ना.

ज्याला तुम्ही खोपट म्हणालात ते क्रिब मुद्दाम अरुंद असतं, आमचं पाच फूट रुंद आहे, फळ्यांमध्ये बोटभर फट, आणि वाऱ्याला आडवं उभं केलेलं. कणसाकणसांत पोकळी राहते त्यातून हवा फिरते. तुम्ही ताडपत्रीवर कणसं पसरून वाळवता आणि मग मळणी करता, तेच तत्त्व, फक्त उभं केलेलं. बुरशीची भीती मात्र खरी आहे. इथे जास्त त्रास गुलाबी बुरशीचा, टोकाकडून खाली उतरते, आणि तिच्या विषाने डुक्कर खाणं सोडतं किंवा ओकतं, कोवळ्या माद्यांची पाळी बिघडते. म्हणून ट्रॉली क्रिबमध्ये रिकामी करताना मी एलिव्हेटरपाशी (कणसं वर चढवणाऱ्या पट्ट्यापाशी) उभी राहते आणि गुलाबी टोकाचं कणीस दिसलं की बाजूला टाकते, अंगावर पाल्याचा भुसा आणि नाकात धूळ, तीन तास तेच. पण दाणे झाल्यावर ही निवड करता येईल का सांगा? कणीस आहे म्हणून दिसतं.

कंबाईन का बोलावत नाही, तर कोण येणार? इथली मशीनं बारा ओळींची, तीस फुटांची, ओळी ३० इंचांवर. आमच्या ओळी ३८ इंचांवर, कारण पेरायचं यंत्रही त्याच काळातलं, त्याआधी तर ओळी ४० इंचांवर असायच्या कारण मधून घोडा जायचा. चार एकरांसाठी कोणी फाटकातून ते धूड आत घालत नाही आणि घातलं तरी ओळ जुळत नाही. श्रीमंतांची हौस म्हणालात त्याचं थोडं वाईट वाटलं. पिकर आम्ही शेतावरच्या लिलावात ६५० डॉलरला घेतला, भंगारवाला बोली लावत होता त्याच्यावर पन्नास डॉलर जास्त देऊन.

सासऱ्यांच्या वडिलांनी हेच काम हाताने केलेलं. तळहाताला लोखंडी हूक बांधायचा, पाला फाडायचा, कणीस मोडून घोड्याच्या गाडीत फेकायचं. चांगला गडी दिवसाला १०० बुशेल काढायचा. हेन्री वॉलेस, जे पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२० च्या दशकात याच्या स्पर्धा सुरू केल्या आणि नंतर त्या बघायला लाखभर माणूस जमायला लागलं. मग हायब्रिड आलं, ताटं ताठ उभी राहायला लागली, तेव्हा कुठे पिकर नीट चालायला लागला, आणि १९५४ नंतर कंबाईनला मक्याचं हेड (पुढे लावायचा मका काढणारा भाग) आलं तसे पिकर कुंपणाला लागले. म्हणजे मशीन वाईट होतं म्हणून गेलं नाही, शेतं मोठी झाली म्हणून गेलं.

गळती. इथे तुमचा मुद्दा अर्धा मान्य. कणसं पडतात, दाणेही सांडतात, कुठल्याही पिकरला ते आहेच. सकाळी दव असताना गेलं तर ओला पाला रोलरला चिकटून सगळं चोंदतं, आणि दुपारी कडक ऊन झालं की कणीस रोलरला लागताच दाणे उडतात, खाली पाचोळ्यावर तड तड आवाज येतो तो ऐकूनच सासरे म्हणतात आता थांबूया. म्हणून आम्ही साधारण अकराला सुरू करतो, अडीच-तीनला बंद. दोन दिवस लागतात ते यामुळे, ट्रॅक्टर हळू आहे म्हणून नाही. तुम्ही निम्मी पडतात म्हणालात म्हणून परवा मी आणि नवऱ्याने एक अख्खी ओळ मोजली, ताटावर होती ३१२ कणसं, खाली सापडली १७. आणि ती पण वाया नाहीत. काढणी झाली की विजेची तार ओढून डुकरांच्या चारही माद्या आत सोडतो, त्या नाकाने पाचोळा उलटवत ओळीने चालत जातात आणि आठ-दहा दिवसांत एक दाणा ठेवत नाहीत.

आता अख्खा हिशोब एकदा मांडते म्हणजे तुम्हाला तपासता येईल. एकरी ११५ बुशेल, म्हणजे २९ क्विंटल, तुमच्यापेक्षा फार जास्त नसावं. एक पिल्लू २० किलोपासून १२५ किलोपर्यंत न्यायला पावणेतीनशे किलो मका जातो, म्हणजे ११ बुशेल. अशी २८ पिल्लं, ३०८ झाले. चार माद्यांना वर्षाला १२० धरा. राहिले तीसेक बुशेल, ते कोंबड्यांना आणि उंदरांना. दाणे काढल्यावर बुरकुंडं निघतात ती पिल्लांच्या खाली अंथरायला, गवतापेक्षा कोरडी राहतात.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की पाला कितपत निघतो, कारण तुमच्याकडच्या मशीनला निम्मा राहतो. आमच्याकडे रबराचा एक रोलर आणि लोखंडाचा एक अशी जोडी आहे, कणीस त्यावर नाचत नाचत खाली येतं आणि पाला मधून ओढला जातो. रबर नवीन असेल तर पाचातली चार कणसं स्वच्छ निघतात, झिजलं की तीनवर येतं. तुमच्या मशीनचे रोलर हात लावून बघा, अर्थात बंद करून, कड गुळगुळीत झाली असेल तर आधी तेच बदला. आणि फोटो पाठवलात तर सासऱ्यांना दाखवते, त्यांना बघून लगेच कळतं.