शेवटच्याला पहिला मान

बारावी, सीईटी, नीट असे निकाल एकामागून एक लागायला लागले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वातावरण तापतं. कटऑफ कितीला बंद झाला, कोणाला किती मार्कांवर सीट मिळाली याची उणीदुणी निघतात आणि मग ठरल्यासारखा माझा मामेभाऊ मला ओढतो. "अमेरिकेत बघ. तिथे फक्त मेरिट. खालच्याला कोणी हात धरून वर आणत नाही."

मी पिट्सबर्गला राहते. रविवारी स्टीलर्स या इथल्या फुटबॉल संघाची मॅच असली की इथे किराणा घ्यायला आलेल्या आज्यासुद्धा काळ्या-पिवळ्या जर्सीत दिसतात. त्यामुळे दादाला उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही.

हा फुटबॉल आपला नव्हे. अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा, हेल्मेटवाला. त्याच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ आहेत आणि दर एप्रिलमध्ये ते कॉलेजांतल्या खेळाडूंमधून आपापली निवड करतात. याला म्हणतात ड्राफ्ट. सात फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत पहिला नंबर गेल्या मोसमात सगळ्यांत वाईट हरलेल्या संघाचा आणि शेवटचा, बत्तिसावा, विजेत्याचा. संघ आपापसांत नंबरांची देवाणघेवाण करतात ते वेगळं, पण मूळ रांग अशी उलटी. ही कल्पना 1935 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडली. त्यांचा संघ सतत मार खात होता आणि चांगली पोरं मोजके बलाढ्य संघ उचलून नेत होते. असंच चाललं तर लीगच बुडेल, हे बाकीच्यांना पटलं. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. गंमत म्हणजे त्यात पहिला निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

त्यात भर म्हणजे राष्ट्रीय टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात आणि 1994 पासून पगारांवर एकूण मर्यादा आहे. भांडवलशाहीच्या या माहेरघरात सर्वांत लाडका खेळ असा चालतो. आयपीएलमध्ये निदान बोली तरी उघड लागते, ऋषभ पंतवर 27 कोटी लागले. इथे बोलीच नाही. नवा खेळाडू कितव्या नंबरावर निवडला गेला यावर त्याचा पगार जवळजवळ ठरलेला. 2010 मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला होता. मग मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला आणि 2011 मध्ये पहिला आलेला कॅम न्यूटन चार वर्षांच्या सुमारे 2 कोटी 20 लाखांवर आला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे अमेरिकेतही आरक्षण आहे तर! ग्रुपवर मी हे म्हणून बघितलंय, टाळ्या मिळतात. पण ते खरं नाही. इथे ज्या 'दुबळ्याला' हात दिला जातो तो अब्जाधीश मालक असतो. ज्या पोराची निवड होते, त्याला कुठल्या गावी जायचं हे विचारतही नाहीत. समता आहे, पण ती मालकामालकांतली.

मला ड्राफ्टमध्ये जास्त रस वाटतो तो पुढच्या प्रश्नात. पहिला नंबर मिळाला, पण घ्यायचा कोणाला? मेरिट मेरिट म्हणतात ते मोजायचं कसं?

संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, उन्हाळा संपला की कॉलेजं पालथी घालू लागतात. सरावाला उभे राहतात, प्रशिक्षकांना विचारतात, सामन्यांची चित्रफीत मागेपुढे करत एकेका खेळाडूवर अहवाल लिहितात. हिवाळ्यात संघाच्या कार्यालयात बैठका होतात आणि भिंतीवरच्या बोर्डावर नावांची उतरंड लागते. हाती आलेल्यांतला सर्वोत्तम घ्यायचा की संघाला ज्या जागेची गरज आहे तिथला, यावर मालक, मॅनेजर आणि प्रशिक्षक यांची जुंपते. मधल्या काळात इंडियानापोलिसला 'कम्बाइन' नावाची शारीरिक चाचणी भरते. तीनशेहून अधिक पोरं बोलावलेली. 40 यार्ड किती सेकंदांत पळतो, 225 पौंड, म्हणजे 102 किलो, किती वेळा उचलतो, जागेवरून किती उंच उडतो. डॉक्टर जुने गुडघे दाबून बघतात. हाताचा पंजासुद्धा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत मोजतात. दात बघून बैल घ्यायचा बाजार आठवल्याशिवाय राहत नाही. 2022 च्या आधीपर्यंत एक लेखी परीक्षाही होती, वंडरलिक नावाची. 12 मिनिटांत 50 प्रश्न. अनेक वर्षं घेऊन झाल्यावर ती बंद केली.

एवढं करून हाती काय लागतं? 2000 साली टॉम ब्रेडी 40 यार्ड 5.28 सेकंदांत पळाला, म्हणजे रखडत. सहाव्या फेरीत 199वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. अशी उदाहरणं अपवाद म्हणून सोडून देता येतात, पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी (थेलरना 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) ड्राफ्टचे जुने आकडे घेऊन बसून तपासलं. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघांपैकी जो आधी निवडला गेला, तो त्याच्या लगेच मागून निवडल्या गेलेल्यापेक्षा सरस निघण्याचं प्रमाण साधारण 52 टक्के. छापा-काटा थोडा वाकवल्यासारखं. एवढे डॉक्टर, एवढी घड्याळं, आणि शेजारच्या दोन नावांत फरक सांगता येत नाही. आपल्याकडे अर्ध्या मार्कानं सीट हुकलेल्या मुलाला घरात वर्षभर टोमणे ऐकावे लागतात.

मला विचाराल तर आमच्या गावातला 1974 चा ड्राफ्ट यापेक्षा जास्त शिकवतो. एका ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर असे चौघे निवडले आणि चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. त्यानंतरच्या सहा मोसमांत संघानं चार सुपर बोल जिंकले. यांच्यातला स्टॉलवर्थ अलाबामातल्या एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला होता. त्या कॉलेजांकडे तेव्हा बरेच संघ ढुंकून बघत नसत. स्टीलर्स बघत, कारण त्यांच्याकडे बिल नन होते.

नन हे मुळात पत्रकार. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात ते दरवर्षी अशा कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करायचे. स्टीलर्सकडे मात्र फिरकत नसत. या संघाला आपल्या पोरांची कदर नाही, असं त्यांनी संघाच्या मालक घराण्यातल्या डॅन रूनी यांना तोंडावर सांगितलं. रूनींनी त्यांनाच कामावर घेतलं. स्टॉलवर्थची गोष्ट इथले जुने लोक रंगवून सांगतात. बऱ्याच संघांचे स्काउट त्याला पळताना बघायला गेले, जमीन ओली होती, वेळ वाईट आली, सगळे निघाले. नन म्हणाले, मला बरं वाटत नाही, मी उद्या येतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा पळवलं आणि खरी वेळ खिशात घालून परतले. तरी स्टॉलवर्थला चौथ्या फेरीपर्यंत कोणी हात लावला नाही. मेल ब्लाउंट, एल. सी. ग्रीनवूड, कोणीच न निवडलेला डॉनी शेल हेही तशाच कॉलेजांतून आले. निकष तोच होता, सेकंदही तेच. फक्त घड्याळ घेऊन कोणीतरी तिथे गेलं होतं. नन यांना स्वतःला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती मात्र 2021 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

ही हुशारी कायम टिकली असं नाही. 1983 मध्ये डॅन मरिनो हा याच शहरात वाढलेला, इथल्याच विद्यापीठाचा खेळाडू स्टीलर्सनी सोडून दिला आणि मायामीनं उचलला. साठीपुढच्या कुठल्याही पिट्सबर्गकराला हे विचारा, जेवण गार होईपर्यंत ऐकवेल.

ऑलिंपिक झालं की दादाचा दुसरा ठरलेला मुद्दा येतो: एवढ्या मोठ्या देशाला सहाच पदकं, म्हणजे आपल्यात ते नाहीच. तेव्हा मी त्याला ऑलिंपिकला गेलेल्या धावपटू अविनाश साबळेची आठवण करून देते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, लष्करात भरती झाला आणि मग तिथे पळायला लागला. त्याआधी अनेक वर्षं तो मांडव्यातच होता की! पोलीस भरती निघाली की पहाटे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यांवर पोरं पळत असतात. मैदानी चाचणीत 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, प्रत्येकाची वेळ आणि अंतर सरकारी कागदावर लिहिलेलं. हे आपलं कम्बाइनच आहे, आणि इंडियानापोलिसपेक्षा कितीतरी पट मोठं. भरतीत न बसलेल्यांचे ते कागद अ‍ॅथलेटिक्सचा कोणी प्रशिक्षक मागून घेतो का, एवढंच मी ग्रुपवर विचारलं होतं. दादा म्हणाला, तो वेगळा विषय आहे.