विश्वामित्रीच्या मगरी आणि माझ्या पोटातले जंतू

बडोद्याच्या दांडिया बझारमधल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, अकोटा भागात एक मगर छपरावर चढून बसली. त्या फोटोपासून ग्रुपवर जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे. निम्मे लोक म्हणतात, मगरी शहरातून हलवा. आधी कारण होतं माणसांवरच्या हल्ल्यांचं. मध्यंतरी माझ्या मावसभावाने नवं कारण आणलं : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू असतात, मग हे संकट भर गावात कशाला ठेवायचं?

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच उत्तर लिहायला मला चार दिवस लागले.

कासव, सरडे, साप, मगरी यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू आरामात राहतो आणि त्यांना सहसा काही होत नाही. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती यामुळेच. लहान मुलं ती कासवं हाताळायची, तोंडाला लावायची आणि आजारी पडायची. अशा प्राण्यांमधले काही जंतू औषधांना पुरून उरतात, हेही आता माहीत आहे. पण विश्वामित्रीतल्या मगरीला कुणी अँटिबायोटिकची गोळी देत नाही. तिच्या पोटातल्या जंतूंना ही शक्ती मिळाली, तर ती कुठून मिळेल?

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये सांता फे नावाचं एक बेट आहे. तिथे माणसाचा वावर जवळजवळ नाही. तिथल्या इग्वानांच्या, म्हणजे मोठ्या सरड्यांच्या, आतड्यातले जंतू तपासले, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. बाहेरून मिळवलेला औषधविरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची शक्ती, त्यांच्यात अगदी क्वचित सापडला, आणि जो सापडला तो माणसांची थोडीफार ये-जा असलेल्या भागातला होता. मावसभावाला मी आधी हे लिहिलं. मग त्याला नदीकाठची कमाटीबाग आठवायला सांगितलं. लहानपणी हिवाळ्यात आम्ही काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून काठावर ऊन खात पडलेल्या मगरी मोजायचो, आणि त्याच काठावर नाल्याचं पाणी नदीत उतरताना रोज बघायचो. आपण घेतलेल्या कितीतरी अँटिबायोटिकचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याच्यासोबत जातात आपल्या आतड्यातले, औषधाला सरावलेले जंतू. हे जंतू आपली शक्ती डीएनएच्या छोट्या कड्यांमधून एकमेकांना देतात, जात वेगळी असली तरी देतात. मगर अशा पाण्यात कित्येक दशकं जगते, त्यातलेच मासे खाते. मावसभाऊ ज्याला मगरीची घाण म्हणतो, ती आपल्या घरातून निघालेली आहे.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर बडोद्याला आले असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नेदरलँड्सला परतल्यावर जखम चिघळली. इकडच्या हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला : गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये होतात का? हो म्हटल्यावर मला वेगळ्या खोलीत ठेवलं. नर्स गाऊन, मास्क, हातमोजे घालून यायची. तपासणीत माझ्या आतड्यात औषधविरोधी ई. कोलाय हा जंतू निघाला. त्याने मी आजारी नव्हते, मी फक्त तो वाहत होते. पहिल्या रात्री मला फार अपमान वाटला, आपल्या देशालाच कुणी अस्पृश्य ठरवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी नर्सने मला रोग्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी दाखवली. त्यात पुढचा प्रश्न होता : तुम्ही डुकरं, वासरं किंवा कोंबड्या पाळता का? इथल्या डुकरांमध्ये २००४च्या सुमारास औषधविरोधी स्टॅफिलोकॉकस हा जखमा चिघळवणारा जंतू सापडला, तेव्हापासून डच शेतकऱ्यालाही तशाच खोलीत ठेवतात. पाहुणा आणि घरचा, दोघांना एकच नियम. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाहणीत दक्षिण आशियातून परतलेल्या प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोक माझ्यासारखेच आतड्यात औषधविरोधी जंतू घेऊन आले होते. म्हणजे माझ्यात काही विशेष नव्हतं.

मला या देशाचं मोल वाटतं ते त्या खोलीपुरतं नाही. वाहणाऱ्याला शोधून ते थांबले नाहीत, उगमाकडे गेले. जनावरांसाठीची अँटिबायोटिकची विक्री २००९च्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणली. यावर डुकरं हलवा, एवढंच उत्तर त्यांनी दिलं नाही.

तरीही डच शहाणे आणि आपण अडाणी, हे मला मान्य नाही. इथला डॉक्टर सर्दी-तापाला पॅरासिटामॉल घ्या, आठवडाभर थांबा, असं सांगू शकतो, कारण आजारी माणसाचा पगार चालू राहतो. रोजंदारीवरच्या माणसाने एक दिवस बुडवला तर चूल अडते, म्हणून तो मेडिकलवाल्याकडून तीन गोळ्या घेऊन कामावर जातो. त्याला मी दोष देणार नाही. शिवाय युरोपची बरीच स्वस्त अँटिबायोटिक भारतात बनतात आणि सांडपाणी आपल्याकडे राहतं. हैदराबादजवळ पतनचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सापडल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ साली दाखवलं. रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं. आपल्या सरकारने जानेवारी २०२०च्या मसुद्यात अशा पाण्यातल्या अँटिबायोटिकसाठी मर्यादा घातल्या होत्या. २०२१च्या अंतिम नियमांत त्या गळाल्या. आमच्या ग्रुपवर यावर एक ओळही आली नाही, आणि बडोदं तर औषधं बनवणारं गाव.

२०२५च्या पावसाळ्याआधी विश्वामित्री खोल-रुंद करण्याचं मोठं काम झालं. पुरासाठी ते हवंच होतं. पण मगर हलवली, नदी रुंद केली आणि नाले तसेच राहिले, तर पुढच्या पुरात तोच गाळ मावशीच्या स्वयंपाकघरात येईल. गेल्या खेपेला तिने तो उघड्या हातांनी काढला होता. मगर छपरावर होती, गाळ घरात होता.

म्हणून मावसभावाला मी शेवटी एवढंच लिहिलं : वॉर्डातल्या पुढच्या बैठकीला जाशील तेव्हा मगरीचा विषय बाजूला ठेव. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या पाण्यात औषधांचे अंश आणि औषधविरोधी जंतू किती, याची तपासणी होते का, ते विचार. होत नसेल तर तशी मागणी लेखी दे, खाली माझंही नाव घाल. आणि मावशीच्या बिस्किटाच्या डब्यात उरलेल्या गोळ्या आहेत, त्या बेसिनमध्ये टाकू नका म्हणावं.