मांजराला दमा असतो. हो, आणि पंपही असतो

"मांजराला कुठे दमा असतो का?" हे वाक्य आता आणखी कुणी ऐकवलं ना, तर त्याला मी रात्री अडीच वाजता नाशिकला, इंदिरानगरात आमच्या घरी बोलावणार आहे. चहा मिळणार नाही. फक्त वाकून पलंगाखाली बघायचं.

आमची गुंडी चार वर्षांची. खोकला आला की पोट फरशीला टेकवते, कोपरं बाहेर काढते, मान इतकी पुढे ताणते की मांजर कमी आणि कासव जास्त वाटते. मग खर्र, खर्र, खर्र, दहा-बारा वेळा. शेवटी आवंढा गिळते आणि माझ्याकडे बघते, जसं काही मीच केलंय हे सगळं. बाहेर काही पडत नाही. हे नीट लक्षात ठेवा, बाहेर काहीच पडत नाही.

कारण सात महिने मला एकच ऐकवलं गेलं: केसांचा गोळा आहे, पडेल. पेस्ट आणली. ती ट्यूब संपली, दुसरी आणली. रोज विंचरलं. सात महिन्यांत गोळे पडले किती? शून्य. अहो, सात महिने जो पडतच नाही तो गोळा नसतो, एवढं कळायला पदवी लागते का? आणि ज्यांच्याकडे पदवी होती त्यांनी एकदा तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला असता तर... जाऊ दे. दुसऱ्या डॉक्टरांनी फोनमधला व्हिडिओ बघितला आणि सरळ एक्स-रे काढला. सुजून जाड झालेल्या श्वासनलिका फिल्मवर छोट्या गोल कड्यांसारख्या दिसतात, मेदूवड्यांची ताटली ठेवल्यासारख्या. फुप्फुसात जंत झाले तरी मांजर असंच खोकतं, म्हणून आधी शी तपासली. ते नव्हते. दमाच.

मग पंप. माणसांचाच, फ्लुटिकासोनचा, म्हणजे श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवणारा. आणि तो ओढायला लहान बाळांचा मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंपातलं औषध धरून ठेवणारी नळी. मेडिकलवाल्याने विचारलं, "बाळ केवढं आहे?" म्हटलं, चार वर्षांचं. "वजन?" साडेतीन किलो. त्याने जे तोंड केलं ते मी जन्मात विसरणार नाही. खरं सांगितल्यावर तो दुकानातल्या पोऱ्याला हाक मारून हसला. हस बाबा.

त्या मास्कची सवय लावायला मला दोन आठवडे लागले. आधी नुसता जमिनीवर ठेवायचा, कडेला चिकनचं पाणी लावायचं, तिने चाटला की शाब्बास. पंप दाबला की फुस्स आवाज येतो, आणि मांजराच्या भाषेत फुस्स म्हणजे शिवी. म्हणून तिच्यापासून लांब धरून आधी दाबायचा, लगेच मास्क तोंडावर, आणि सात ते दहा श्वास मोजायचे. सकाळ-संध्याकाळ. याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांबद्दल मी बोलणार नाही, माझे दोन्ही हात पुरावा आहेत.

हे सगळं मी करते. आनंदाने करते. पण आजूबाजूच्यांनी निदान धूर तरी करू नये ना!

सासूबाईंची उदबत्ती. "देवाची आहे, तिने काय होतंय?" आई, देवाची असली तरी धूर तो धूरच. महिनाभर भांडून उदबत्ती बाल्कनीत गेली, तर तिन्हीसांजेला डासांची कॉइल आली. कॉइल बंद केली तर नणंदबाई सुट्टीला आल्या त्या गुलाबाचा स्प्रे घेऊन, "घरात मांजराचा वास येतो गं." शी करायच्या डब्यातल्या मातीचीसुद्धा धूळ उडते म्हणून मी लाकडाचे दाणे आणले, दुप्पट पैसे मोजून, आणि इकडे गुलाब!

वर फुकटचे वैद्य. विक्स चोळ. निलगिरीच्या तेलाची वाफ दे. कापूर ठेव जवळ. अहो, या तिन्ही गोष्टी मांजराला विषारी आहेत, अंग चाटतं ते. एका शहाण्याने तर पॅरासिटामॉलचा तुकडा द्यायला सांगितला. एका गोळीत मांजर मरतं! एका! माहीत नसेल तर गप्प बसायला पैसे पडतात का?

आणि बाहेर? 2027 च्या कुंभासाठी खोदाखोदी चाललीय, सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. ते एकवेळ माझ्या हातात नाही. पण खालच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी आमच्या खिडकीखाली पालापाचोळा पेटवतात, त्यात दुधाच्या पिशव्याही. घंटागाडी दारात येते हो! गाणं वाजवत येते! उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातलीय, पाच हजार दंड आहे. हे सांगितलं तर म्हणतात, "थंडीत जरा शेक मिळतो. आणि मांजराला कुठे..." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गेल्या मंगळवारी त्याच धुरानंतर गुंडी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. कुत्रं धापा टाकतं, मांजर नाही. मांजराने तोंड उघडलं म्हणजे रिक्षा शोधायची. झोपेत तिचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात, मी रोज मोजते. त्या सकाळी साठाच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वास लगेच मोकळा करणारा पंप दिला, टोपलीत घातलं आणि धावत जिना उतरले.

खाली काका. शेकोटीशेजारी वाकून खोकत होते. मला बघून शर्टाच्या खिशात हात घातला आणि पंप काढला. साल्ब्युटामॉलचाच. माझ्या पिशवीत होता, अगदी तोच. दोन पफ ओढले, दम धरला, सोडला, आणि म्हणाले, "काय करणार वहिनी, नाशिकची हवाच बिघडलीय."