‘नऊ गोल खाल्लेल्या कोचचं एवढं कौतुक कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण मुद्दा लागला मनाला. भारताच्या अंडर-१७ फुटबॉल टीमचा कोच राहिलेल्या लुईस नॉर्टन द मातोसवरच्या माझ्या लेखावर तुम्ही म्हणताय की तीन मॅच, तिन्ही हरल्या, नऊ गोल खाल्ले, एक मारला, असल्या कोचवर एवढं लिहायचं म्हणजे गोऱ्या माणसाची आरती झाली, आणि सांगलीच्या पोरांनी कुस्ती-कबड्डी करावी, फुटबॉलमध्ये काय ठेवलंय.

आकडे तुमचे बरोबर आहेत. ऑक्टोबर २०१७, दिल्ली, अंडर-१७ वर्ल्डकप. अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. हे मी लेखात टाकायलाच पाहिजे होतं, टाकलं नाही ही माझी चूक, आज सकाळी दुरुस्त केलंय. पण दादा, हा माणूस त्या टीमवर आला मार्च २०१७ ला. वर्ल्डकपला उरलेले सात महिने. दहावीच्या पोराला दिवाळीनंतर नवीन क्लास लावायचा आणि निकाल लागला की त्याच मास्तरांची कॉलर धरायची, असं होतंय हे.

ती कोलंबियाची मॅच तुम्ही परत एकदा बघा, एवढी विनंती आहे. पहिल्या हाफमध्ये आपल्या राहुलचा शॉट पोस्टला लागला, तो आत गेला असता तर आज आपण वेगळंच बोलत असतो. मग ०-१ ने मागं असताना ८२ व्या मिनिटाला स्टॅलिनचा कॉर्नर आणि जॅक्सनचं हेडर, भारताचा फिफाच्या वर्ल्डकपमधला पहिला गोल, आमच्या घरात मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारचे काका काय झालं म्हणून दारात आले, आणि ते दारात असतानाच पुढच्या मिनिटाला कोलंबियानं परत मारला. फार वाईट वाटलं होतं. पण ८२ मिनिटं कोलंबियासमोर ती पोरं उभी होती, घाबरून नुसता बॉल बाहेर मारत नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता ‘परदेशात खेळला म्हणून कोच होतो का’ हा प्रश्न. नाही होत. तुमचं बरोबर आहे. पण हा पोर्तुगालचा माणूस सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेल्जियमला स्टँडर्ड लिएज क्लबकडून खेळायला गेला, तिथं पुढं अर्न्स्ट हॅपेल कोच म्हणून आला, १९७८ ला हॉलंडला वर्ल्डकपच्या फायनलला नेणारा. पंचविशीत परक्या देशात, परक्या भाषेत खेळायला लागलं की आपल्याला लहानपणी काय शिकवलं नव्हतं ते चांगलंच कळतं, आणि असा माणूस पोरांसमोर उभा राहिला की त्याला त्यांच्यातली नेमकी उणीव दिसते असं मला वाटतं. गोऱ्याचाच विषय नाही हा, आपला बायचुंग भुतिया १९९९ ला इंग्लंडच्या बरी क्लबला गेला होता, त्यानं २०१० पासून लहान पोरांच्या फुटबॉल शाळा काढल्या, त्याच्यावरही लिहिणार आहे.

उणीव म्हणजे काय ते सांगतो. इथं सांगलीत विश्रामबागला आम्ही दोघं-तिघं मिळून सकाळी पोरं खेळवतो, दहा ते तेरा वयाची. पोरगं बॉल येईपर्यंत बॉलकडंच बघत बसतं. बॉल पायात आला की मग मान वर करतं, तोवर दोघं अंगावर आलेले असतात. म्हणून मी पाठीमागं उभा राहून बोटं वर करतो, आणि पास पायाशी यायच्या आत मागं बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं. पहिले तीन आठवडे नुसता गोंधळ, कुणाचा बॉल सुटतोय, कुणी अंदाजानंच ‘तीन’ म्हणतंय. आता त्यातली पाच-सहा पोरं न सांगता मान वळवतात. ही सवय दहाव्या-अकराव्या वर्षी लागते, सतराव्या वर्षी सात महिन्यांत कुठला कोच लावणार?

आणि तुम्ही कुस्तीचं नाव काढलंत म्हणून, कुस्तीचा मला अभिमानच आहे, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या एशियाडला गोल्ड आणलं ते आपल्याच जिल्ह्याचं. पण तालमीत वस्ताद सात-आठ वर्षांच्या पोराला धरतो, वर्षानुवर्षं जोर-बैठका आणि माती, मग कुठं मैदानात सोडतो, आणि पोरगं चितपट झालं म्हणून वस्ताद बदला असं कोण म्हणत नाही. फुटबॉलच्या पोरांना तेवढीच वर्षं द्या एवढंच मी म्हणतोय. पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर आहे, तिथं पेठापेठांत टीम आहेत, मातोसच्या त्या अंडर-१७ टीममधला अनिकेत जाधव तिथला, वडील रिक्षा चालवायचे, पोरगं पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेलं. वर्ल्डकपनंतर मातोस इंडियन ॲरोज या तरुण पोरांच्या टीमला कोच होता, आय-लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्यांच्या पहिल्याच मॅचला अनिकेतनं दोन गोल मारले, चेन्नई सिटीवर ३-०. तुम्ही ज्यांना हरलेली टीम म्हणालात त्यातले जॅक्सन, सुरेश, अन्वर अली पुढं सीनियर इंडियाकडून खेळले.

एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही. ॲरोजचा तो सीझन संपायच्या आत मातोस सोडून गेला. पोरं लावून घेतलेली असताना असं जाऊ नये, कारण काही का असेना.

तुम्ही सांगलीतच असता असं लिहिलंय. तर रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर या, पोरांना मान वळवताना बघा आणि मग काय ते तोंडावर बोला, मी ऐकून घेईन. घरात चार-पाच नंबरचे जुने स्टडचे बूट पडून असतील तर तेवढे आणा, दोन पोरं अजून शाळेच्या कॅनव्हास बुटावर खेळतायत आणि पाऊस झाला की घसरतात.