रदबदली ऐकणारा देव

एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. म्हणे, ज्यूंच्या धर्मग्रंथातला, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला देव नुसता कोपिष्ट. एकदा ठरवलं की तो कुणाचं ऐकत नाही, बापाचं पाप नातवंडांकडून वसूल करतो आणि दया करतो ती फक्त स्वतःच्या लोकांवर.

कुणाचं ऐकत नाही? जुन्या करारातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा १८ वा अध्याय उघडा. सदोम या पापी शहराचा देव नाश करणार हे कळल्यावर ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम त्याला तोंडावर विचारतो, साऱ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का? मग बाजारात चालावी तशी घासाघीस. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? शहर पुढे जळतंच, पण त्या बोलण्यात देव एकाही आकड्याला नकार देत नाही.

सोन्याच्या वासराचा प्रसंग याहून धीट. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून सुटलेले इस्राएली लोक सोन्याचं वासरू करून पूजतात, तेव्हा निर्गम या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात देव त्यांचा पुढारी मोशे याला म्हणतो, मला सोड, यांना भस्म करतो. सोड? धरलं होतं कुणी? तालमूद या ज्यू ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, नेमका हाच शब्द पकडला. त्यांच्या मते मोशेने देवाचं वस्त्रच धरून ठेवलं होतं, क्षमा केल्याशिवाय सोडणार नाही म्हणून! मोशेचे मुद्दे तर अस्सल वकिली आहेत: मिसरी लोक काय म्हणतील? अब्राहामाला दिलेल्या शब्दाचं काय? देव बेत बदलतो. त्यानंतर छावणीत सुमारे ३००० माणसं मारली गेली, हेही त्याच अध्यायात आहे. ते मी झाकत नाही. पण दुसऱ्या दिवशी मोशे पुन्हा डोंगरावर देवाकडे जातो: क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोड.

नातवंडांचा मुद्दा अर्ध्या वाक्यावर उभा आहे. निर्गम ३४ मध्ये शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, पण दया हजारोंवर. तिथला ‘दयाळू’साठीचा हिब्रू शब्द ‘रहूम’ गर्भाशयाच्या शब्दाचा सख्खा. आपली पोटमायाच म्हणा. आणि यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय साफ सांगतो, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही.

उरली आपल्या-परक्यांची गोष्ट. निनवे हे अश्शूरचं, म्हणजे वैऱ्याचं शहर. नाशाचा इशारा ऐकून तिथले लोक पश्चात्ताप करतात आणि ते वाचतं, म्हणून इशारा देणारा संदेष्टा योना चिडतो आणि निर्गममधलेच शब्द तक्रारीसारखे देवाच्या अंगावर फेकतो: तू दयाळू, मंदक्रोध, मला ठाऊकच होतं! देव विचारतो, १,२०,००० हून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं, मला कळवळा येऊ नये? कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ज्याला दारफळणीचा सण म्हणत, त्या योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत हेच पुस्तक वाचतात.

खरं तर मजकूर लिहिणाऱ्याने हुकमाचं पान खेळलंच नाही. यिर्मया या संदेष्ट्याला देव बजावतो, या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, मी ऐकणार नाही. पण ज्याच्या विनवणीने काही हलणारच नाही, त्याला गप्प कशाला करायचं? आणि हे एकदा सांगून भागलेलं नाही. यिर्मयाच्या पुस्तकात अध्याय ७, ११ आणि १४, तीनदा सांगावं लागलंय.