खुलासा : कॉल करायला निम्मी खात्री लागत नाही

‘समोरचा ब्लफ मारतोय याची निम्म्याहून जास्त खात्री असेल तरच कॉल करा’ असा पोकरचा एक सल्ला सध्या फिरतोय. (ब्लफ म्हणजे पानं कमजोर असूनही चिप्स लावून समोरच्याला घाबरवणं; कॉल म्हणजे त्याने लावल्या तेवढ्याच चिप्स आपणही लावणं.) तो चुकीचा आहे. समजा, शेवटचं पान उघडलंय, पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या ढिगात, १०० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० घालून १५० मिळवू पाहताय. म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. २५ टक्के पुरे. समोरच्याने पॉटएवढ्याच चिप्स लावल्या तर ३३ टक्क्यांच्या जरा वर. अर्थात तुमची पानं निदान ब्लफला तरी हरवणारी हवीत! आणि हात थरथरले म्हणजे ब्लफ, हेही खरं नाही; भारी पानं आली की पुष्कळांचे हात कापतात. त्यापेक्षा आधीच्या फेऱ्या आठवा: त्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं, उदा. सगळी बदाम) हुकलेला असू शकतो का? तसं असेल तर ब्लफची शक्यता वाढते.